रशियन घोडदळ अधिकाऱ्यांच्या आठवणी (1914–1920) : तारखा, हुद्दे आणि घोडे यांचा मेळ कसा घालायचा?

पानगळ

पहिलं महायुद्ध आणि रशियन क्रांती या काळातल्या एका हुसार (हलक्या घोडदळातल्या) अधिकाऱ्याच्या आठवणी वाचते आहे. ऑगस्ट 1914 मध्ये पूर्व प्रशियाच्या सरहद्दीवर सुरुवात होते. मग गॅलिशिया, 1917, दक्षिणेतली श्वेत सेना (बोल्शेविकांविरुद्ध लढणारी), आणि नोव्हेंबर 1920 मध्ये क्रिमिया सोडताना शेवट. मजकूर धरून ठेवतो, पण टिपणं काढायला बसलं की गुंता होतो.

गुम्बिननची लढाई लेखक 7 ऑगस्टची सांगतो, इतिहासात ती 20 ऑगस्टची आहे. जुन्या (ज्युलियन) पंचांगाचा फरक एवढं समजलं, पण 1918 नंतरच्या प्रकरणांत कोणती तारीख कोणत्या पंचांगाची हे कसं ओळखायचं?

लेखक रोत्मिस्त्र (घोडदळातला कॅप्टन) आहे. त्याचा गार्ड (झारच्या खास) रेजिमेंटमधला मित्रही रोत्मिस्त्रच, पण तो पुढच्या बढतीत थेट कर्नल होतो. लेखकाला मात्र मधली एक पायरी चढावी लागते. असं का?

घोडीची उंची 'तीन वेर्शोक' दिली आहे. वेर्शोक साडेचार सेंटिमीटरचा धरला तर हिशेब बसत नाही. आणि घोडदळाचं पुस्तक असूनही निम्म्याहून जास्त लढाया पायी लढलेल्या का आहेत?

शेवटचं म्हणजे 1917 चं प्रकरण. सगळं 'हुकूम क्रमांक 1' मुळे बिघडलं, असं तो ठामपणे लिहितो. त्यावर किती भिस्त ठेवावी?

---

जुनाकागद

तारखा आणि हुद्दे मी घेतो. घोड्यांवर नालबंद बोलतीलच.

जुन्या रशियन तारखेत 20व्या शतकासाठी 13 दिवस मिळवायचे, 19व्या शतकासाठी 12. हा एका दिवसाचा फरक जन्मतारखांत नेहमी चुकवला जातो. रशियन सेनापती ब्रुसिलोव यांचा जन्म 19 ऑगस्ट 1853 चा, म्हणजे नव्या पंचांगाने 31 ऑगस्ट. त्यांची प्रसिद्ध चढाई 22 मे 1916 ची, म्हणजे 4 जून. पहिल्या तारखेला 12, दुसरीला 13. फिनलंड रशियन साम्राज्यात असूनही तिथे नवंच पंचांग चालायचं. त्यामुळे तिथून रशियन घोडदळात आलेल्या मानरहाइम यांचा जन्म 4 जून 1867 चा, आणि रशियन गणनेत तोच दिवस 23 मे पडतो.

सोविएत सरकारने 31 जानेवारी 1918 च्या दुसऱ्या दिवशी थेट 14 फेब्रुवारी धरली. 1 ते 13 फेब्रुवारी 1918 या तारखा त्यांच्या कागदांत नाहीतच. श्वेत सेनेने जुनं पंचांग सोडलं नाही. म्हणून श्वेतांची स्वयंसेवक सेना रोस्तोवहून निघाली ती तारीख त्यांच्या आठवणींत 9 फेब्रुवारी 1918 असते आणि इतिहासात 22 फेब्रुवारी. तिचे सेनापती कोर्निलोव यांचा मृत्यू 31 मार्च किंवा 13 एप्रिल, आणि सेवास्तोपोल सोडलं ते 1 किंवा 14 नोव्हेंबर 1920. बोटीतून कॉन्स्टँटिनोपलला उतरल्यानंतर बहुतेक लेखक न सांगताच नव्या पंचांगावर जातात. घोळ तिथेच होतो, कारण क्रिमियातला शेवटचा आठवडा आणि तुर्कस्तानातला पहिला आठवडा एकाच प्रकरणात वेगवेगळ्या पंचांगांत पडतात.

अनुवादकाने तारखा बदलल्या आहेत का, हे आधी तपासा. त्यासाठी तीन पक्क्या खुणा धरा: गुम्बिनन 7/20 ऑगस्ट 1914, ब्रुसिलोव चढाई 22 मे/4 जून 1916, झारचा राजत्याग 2/15 मार्च 1917. पहिली तुमच्या पुस्तकात जुनी आहे. उरलेल्या दोन्हीही जुन्या निघाल्या तर अनुवादकाने हात लावलेला नाही. एक जुनी आणि एक नवी निघाली तर त्याने अर्धवट काम केलंय आणि पुढची प्रत्येक तारीख संशयित.

लेखकाने वार दिला असेल तर काम फार सोपं होतं. 13 ला 7 ने भाग जात नाही, म्हणून एकच तारीख दोन पंचांगांत वेगवेगळ्या वारी येते. पेत्रोग्रादमधली (आजचं सेंट पीटर्सबर्ग) क्रांतीची गडबड सुरू झाली तो 23 फेब्रुवारी 1917 (8 मार्च) गुरुवार होता. सणही उपयोगी पडतात: रशियन नाताळ नव्या पंचांगाने 7 जानेवारीला, आणि सेंट जॉर्ज पदकधारकांचा दिवस 26 नोव्हेंबर म्हणजे 9 डिसेंबरला. 'नाताळच्या आदल्या रात्री' अशा आठवणी आकड्यांतल्या तारखांपेक्षा जास्त भरवशाच्या असतात, कारण सण माणूस विसरत नाही.

आता हुद्दे. सैन्याच्या घोडदळात कोर्नेत, पोरुचिक, श्ताब्स-रोत्मिस्त्र, रोत्मिस्त्र, पोद्पोल्कोव्निक, पोल्कोव्निक अशी चढण होती. गार्ड घोडदळात पोद्पोल्कोव्निक हा हुद्दाच नव्हता, म्हणून रोत्मिस्त्रनंतर थेट कर्नल. तुमच्या लेखकाच्या मित्राचं गणित तेच आहे. पुढे श्वेत सेनेचे सेनापती झालेल्या व्रांगेल यांचंही तसंच: ऑगस्ट 1914 मध्ये गार्डच्या 'हॉर्स गार्ड' रेजिमेंटमध्ये रोत्मिस्त्र, आणि त्याच वर्षअखेर कर्नल. मेजर हा हुद्दा 1884 मध्येच रद्द झाला होता. म्हणून 1914 च्या रशियन घोडदळात अनुवादकाने 'मेजर' लिहिला असेल तर मूळ शब्द शोधा.

कोसॅकांची नावं वेगळी. खोरुंझी म्हणजे कोर्नेत, सोत्निक म्हणजे पोरुचिक, पोद्येसाउल म्हणजे श्ताब्स-रोत्मिस्त्र, येसाउल म्हणजे रोत्मिस्त्र, आणि वोइस्कोवोय स्तार्शिना म्हणजे पोद्पोल्कोव्निक. पुस्तकात फोटो असतील तर खांद्यावरची पट्टी पाहा. एक रेघ आणि तारा नाही, तर रोत्मिस्त्र किंवा येसाउल. एक रेघ आणि चार तारे, तर त्याच्या खालचा. दोन रेघा आणि तीन तारे म्हणजे पोद्पोल्कोव्निक, दोन रेघा आणि तारा नाही म्हणजे कर्नल. तारे नाहीत म्हणून कनिष्ठ समजायचं नाही, इथे ते नेमकं उलट आहे.

पथक ओळखायला एक सोय आहे. सैन्याच्या घोडदळ डिव्हिजनमध्ये ड्रॅगून, उहलान, हुसार आणि कोसॅक अशी चार रेजिमेंटं असत आणि पहिल्या तिघांचा क्रमांक साधारणपणे डिव्हिजनचाच असे. 10व्या डिव्हिजनमध्ये 10वे नोव्गोरोद ड्रॅगून, 10वे ओदेसा उहलान, 10वे इंगरमनलंड हुसार, सोबत 1ली ओरेनबुर्ग कोसॅक रेजिमेंट. लेखकाचा हुसार क्रमांक कळला की शेजारची पथकं आणि वरचा सेनापती शोधणं सोपं जातं. फक्त 1882 ते 1907 या काळात सैन्यातल्या सगळ्या हुसार आणि उहलान रेजिमेंटांना ड्रॅगूनच केलं होतं, आणि क्रमांकही वेगळे होते. लेखकाच्या उमेदवारीच्या प्रकरणात वेगळा क्रमांक दिसला तर ती चूक समजू नका.

---

नालबंद

उंचीचं आधी. घोड्याची उंची दोन आर्शिनच्या वर किती वेर्शोक, अशी सांगायची पद्धत होती आणि दोन आर्शिन गृहीत धरलेले असत. आर्शिन 71.12 सेंटिमीटर, वेर्शोक 4.445. म्हणजे 'तीन वेर्शोक' हे 142.2 अधिक 13.3, जवळपास 155.6 सेंटिमीटर. लष्करी स्वारीला मध्यम, चांगली उंची. माणसांची उंचीही त्या काळी अशीच सांगत. अंतरासाठी वेर्स्त म्हणजे 1.067 किलोमीटर, आणि वजनासाठी पूद म्हणजे 16.38 किलो, त्यात 40 फुंट.

आता पायी का, याचं उत्तर. कारण शौर्याचं नाही, हिशेबाचं आहे. घोडदळ उतरलं की घोडे कुणीतरी धरायला लागतात. तीन स्वारांमागे एकजण मागे राहतो. कोसॅक घोडे एकमेकांना उलटसुलट बांधून थोड्या माणसांत भागवत, नियमित घोडदळाला ते जमत नसे. सहा स्क्वाड्रनच्या, आठ-नऊशे स्वारांच्या रेजिमेंटमधून गस्ती आणि निरोपे वजा केले तर फळीत पाच-सहाशे बंदुका उरतात. पायदळाची एक बटालियन त्याहून मोठी, आणि पायदळ रेजिमेंटमध्ये अशा चार. मशीनगन पायदळाच्या एका रेजिमेंटकडे आठ, आणि घोडदळाच्या अख्ख्या डिव्हिजनकडे आठ. म्हणून घोडदळ पायउतार होऊन समोरासमोर झुंजलं की नुकसान ठरलेलंच.

6/19 ऑगस्ट 1914 ला काउशेनला हेच झालं. गार्ड घोडदळ उतरून जर्मन लांडवेर (राखीव शिपायांच्या) ब्रिगेडशी समोरून भिडलं, अधिकारी भराभर पडले, दारूगोळा संपत आला. व्रांगेल यांच्या स्क्वाड्रनने घोड्यावरून धाव घेऊन तोफा काबीज केल्या तो हाच दिवस. पण दुसऱ्या दिवशी गुम्बिननला रशियाच्या पहिल्या सैन्याची उजवी बाजू मोकळी राहिली, कारण जनरल नाखिचेवान्स्कींचं घोडदळ मागे सरकलं होतं. तुमच्या लेखकाने काउशेनचं वर्णन आनंदाने आणि गुम्बिननचं दोन ओळींत केलं असेल, तर ते पान पुन्हा वाचा.

घोड्यावरची मोठी टक्कर पूर्व आघाडीवर झाली ती 8/21 ऑगस्टला यारोस्लावित्सेला, काउंट केलर यांची 10वी डिव्हिजन विरुद्ध ऑस्ट्रियाची 4थी. तशा गोष्टी इतक्या थोड्या की लेखक त्यांवर दहा-दहा पानं खर्च करतात. वाचकाचा समज मग चुकतो.

चाऱ्याचं गणित करून पाहा, पुस्तक वेगळं दिसायला लागेल. चार हजार घोड्यांची डिव्हिजन, घोड्याला रोज 10 फुंट ओट, म्हणजे 40,000 फुंट, म्हणजे 1,000 पूद, साडेसोळा टनांच्या आसपास. वाळलेलं गवत वेगळं. एवढं रोज रेल्वेच्या टोकापासून गाड्यांनी आणायचं. पूर्व प्रशियात वेगाने पुढे गेल्यावर गाड्या मागे राहिल्या आणि घोड्यांना शेतातली हिरवी राय (गव्हासारखं धान्य) किंवा भलतं धान्य घातलं गेलं. त्याने पोटशूळ होतो, आणि खुरात दाह होऊन घोडा उभा राहीनासा होतो. दिवसचे दिवस खोगीर न उतरवता पाठी सोलल्या. एक नाल पडला आणि नालबंद मागे असला तर कडक रस्त्यावर दोन दिवसांत घोडा लंगडा. हिवाळ्यात नालाला बर्फाचे टोकदार खिळे नसले तर गॅलिशियाच्या उतारांवर चालताच येत नाही. 1916–17 मध्ये घोड्यांना खरूज पसरली ती अपुऱ्या चाऱ्यामुळे आणि दाटीवाटीच्या तबेल्यांमुळे.

लेखक 'एका दिवसात शंभर वेर्स्त' म्हणत असेल तर खोटं नाही म्हणता येत, पण पुढच्या पानावर किती घोडे सोडून द्यावे लागले ते पाहा. चाल आणि दुडकी आलटूनपालटून तासाला सात-आठ वेर्स्त, आणि दिवसाला चाळीस-पन्नास, हे टिकणारं प्रमाण.

कोसॅक आणि नियमित स्वार यांतला फरक मराठी वाचकाला एका वाक्यात समजतो: कोसॅक शिलेदार, ड्रॅगून-हुसार बारगीर. कोसॅकाचा घोडा, खोगीर, तलवार त्याच्या घरची. हुसाराचा घोडा सरकारी. घोडा मेला की कोसॅकाचं घर बुडतं, म्हणून त्याचं जपणं आणि 1918 नंतर त्याचं वागणं नियमित घोडदळाहून निराळं दिसतं. साधनंही वेगळी. कोसॅकाच्या तलवारीला मुठीवर कडं नाही, बंदुकीला संगीन नाही, टाचेला काटा नाही, तर हातात चाबूक, आणि लगाम साधा. साध्या कोसॅक शिपायाला काटेरी टाचा लावणारा लेखक दुसऱ्याचं ऐकून लिहितो आहे.

---

उत्तरायण

हुकूम क्रमांक 1 बद्दल मी लिहिते, कारण इथे बहुतेक आठवणी एकाच साच्यात जातात.

हुकूम 1 मार्च 1917 चा (14 मार्च), आणि तो पेत्रोग्रादच्या छावणीपुरता काढलेला होता. शिपायांच्या समित्या निवडायच्या, शस्त्रं समित्यांच्या ताब्यात, 'आपली कुलीनता' वगैरे उपाध्या बंद, अधिकाऱ्याने शिपायाला अरेतुरे करायचं नाही, ड्युटीबाहेर सलाम नाही. छापील प्रती आणि तारा काही दिवसांतच आघाडीवर पोचल्या आणि सगळीकडे तो लागू आहे असं धरलं गेलं. लेखकाने हा परिणाम पाहिला, यात शंका नाही. चूक आहे ती 'तोवर सगळं ठीक होतं' या म्हणण्यात.

त्याच्या रेजिमेंटमध्ये ते बऱ्यापैकी ठीक होतं. घोडदळाची हानी पायदळाच्या मानाने कमी, म्हणून 1917 पर्यंत जुने अधिकारी आणि जुने वाख्मिस्त्र (घोडदळातले वरिष्ठ हवालदार) तिथे टिकून होते. बाजूच्या पायदळ डिव्हिजनमध्ये 1915 च्या माघारीनंतर शांतताकाळातले अधिकारी जवळपास संपले होते, आणि कंपन्या घाईने तयार केलेल्या प्रापोर्श्चिकांच्या (सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) हाती होत्या. लेखक आपल्या पथकावरून सगळ्या सैन्याबद्दल बोलतो.

त्याच्या स्वतःच्या घरातही भेग पडलीच होती. 1916–17 च्या हिवाळ्यात घोडे आणि चारा पुरेना म्हणून रेजिमेंटांचे सहा स्क्वाड्रन चारवर आणले आणि उरलेल्यांना घोड्यावरून उतरवून डिव्हिजनच्या पायी बंदूकधारी रेजिमेंटमध्ये घातलं. हे क्रांतीच्या आधीचं. काही आठवणींत यावर एक ओळ असते. ती सापडली तर तिच्या आधीचं आणि नंतरचं पान काळजीपूर्वक वाचा, नाराजीच्या खुणा तिथेच दिसतात.

मग जूनची चढाई (18 जून/1 जुलै), ती कोसळणं, आणि जुलैत तार्नोपोलच्या बाजूला पळणाऱ्या पायदळाला अडवायला घोडदळ लावणं. पायदळाच्या मनात घोडदळाबद्दलचा राग तिथे साठला. ऑगस्टअखेर कोर्निलोव यांनी 3रं घोडदळ कोअर आणि कॉकेशियन नेटिव डिव्हिजन पेत्रोग्रादकडे धाडलं. रेल्वे कामगारांनी रूळ अडवले, प्रतिनिधी गाड्यांपाशी येऊन स्वारांशी बोलले, कॉकेशियनांशी बोलायला मुसलमान प्रतिनिधी आले, आणि लढाई न होताच सगळं विरलं. जनरल क्रिमोव यांनी स्वतःला गोळी घातली. त्यानंतर प्रत्येक अधिकारी संशयित झाला. 'सप्टेंबरात माणसं एकाएकी बदलली' असं वाक्य तुमच्या पुस्तकात असणारच. एकाएकी नाही, कोर्निलोव प्रकरणानंतर. लेखकाला हे जोडायचं नसतं, कारण त्याची सहानुभूती बहुधा कोर्निलोव यांच्याकडे असते.

16/29 डिसेंबर 1917 ला हुद्दे आणि खांद्याच्या पट्ट्या रद्द झाल्या. जानेवारी 1918 मध्ये सोविएत ताब्यातल्या भागातून पट्ट्या लावून आगगाडीने गेल्याचं कोणी लिहिलं असेल तर त्या प्रसंगाला दुसरा पुरावा मागा.

आणखी एक. 'इमानदार अधिकारी सगळे श्वेत सेनेत गेले' हे आठवणींतलं आवडतं वाक्य आहे, आणि ते खरं नाही. केलर यांनी झारनंतरच्या हंगामी सरकारची शपथ नाकारली आणि डिसेंबर 1918 मध्ये कीवमध्ये मारले गेले. मानरहाइम फिनलंडला गेले. ब्रुसिलोव 1920 मध्ये लाल सैन्याकडे गेले. तिघेही घोडदळातून वर आलेले, तिघांनी तीन वाटा धरल्या. लाल सैन्यात झारच्या माजी अधिकाऱ्यांची संख्या फार मोठी होती.

---

पानगळ

खूप आभार. पट्ट्यांचा तो प्रवास माझ्या पुस्तकात खरंच आहे. वार शोधून पाहिले, दोन्ही खुणा जुन्या पंचांगाच्याच निघाल्या, म्हणजे अनुवादकाने हात लावलेला नाही.

एक उरलं. 1914–16 मध्ये पायी लढणारं हे घोडदळ 1919 च्या प्रकरणांत पुन्हा घोड्यावरून धावतं. मशीनगन तर वाढल्या होत्या ना?

---

नालबंद

मशीनगन वाढल्या, पण माणसं आटली. 1916 मध्ये आघाडी सलग होती: खंदक, तारा, मागे तोफा. 1919 मध्ये शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात काही हजार माणसं, मधे मोकळं गवताळ रान, रेल्वेच्या फाट्यांभोवती ठाणी. बाजू सापडते, पाठ सापडते, म्हणून घोडा पुन्हा कामाचा. मशीनगनही घोड्यामागे आली: स्प्रिंगच्या हलक्या गाडीवर, तीन-चार घोडे जुंपून, पळता पळता मागे तोंड करून मारा. तिला तचांका म्हणत.

मोठ्या प्रमाणावर ते दाखवलं श्वेत कोसॅक सेनापती मामोंतोव यांच्या दोन महिन्यांच्या आत आटोपलेल्या धाडीने (ऑगस्ट–सप्टेंबर 1919, तांबोव आणि कोझ्लोव). तिचा दोषही लक्षात घ्या: लुटीने गाड्या भरल्या, वेग गेला, आणि परतल्यावर बरेच कोसॅक घरी निघून गेले. शिलेदाराचं गणित ते. उलट बाजूला नोव्हेंबर 1919 मध्ये बुद्योन्नी यांची पहिली घोडदळ सेना उभी राहिली. ते स्वतः सेवेर्स्की ड्रॅगूनमधले जुने हवालदार. पुढे सोविएत मार्शल झालेले झुकोव 10व्या नोव्गोरोद ड्रॅगूनमध्ये होते. जुन्या घोडदळाचे असे हवालदारच लाल घोडदळाचा कणा झाले, हे श्वेत लेखक फार नाइलाजाने लिहितात.

---

टिपणवही

छापण्याचा इतिहासही पाहावा, त्यावरून बराच उलगडा होतो. ब्रुसिलोव 1926 मध्ये वारले आणि त्यांच्या आठवणी 1929 मध्ये मॉस्कोत निघाल्या. म्हणजे छपाई त्यांच्या नजरेखालून गेलेली नाही. व्रांगेल यांच्या आठवणी नोव्हेंबर 1916 पासून नोव्हेंबर 1920 पर्यंतच्याच आहेत, आणि 1928 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, बर्लिनमध्ये आल्या. 1914 चं काउशेन त्यांच्या शब्दांत शोधत बसू नका, ते तिथे नाही.

लहान हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांनी बहुधा पॅरिस, बेलग्रेड किंवा अमेरिकेत, 1930 ते 1960 च्या दरम्यान, कागदाविना लिहिलं. घोड्यांची नावं, सहकारी, जेवण, पोशाख यात ते फार नेमके असतात. शत्रूची संख्या आणि तारखा यात ढिले. पॅरिसच्या 'व्होएन्नाया बिल' (1952–1974) या नियतकालिकात अशी शेकडो टिपणं आहेत, आणि एकाच लढाईची दोन रेजिमेंटांकडून आलेली हकीकत तिथे शेजारी ठेवता येते. ते सगळ्यात उपयोगाचं.

लेखकाचा सेवापट मॉस्कोच्या लष्करी इतिहास अभिलेखागारात असू शकतो. बढतीची तारीख, जखमा, पदकं त्यात येतात. पुस्तकातला हुद्दा पटाशी जुळला नाही तर लगेच खोटेपणा म्हणू नका. 1919–20 मध्ये दक्षिणेत बढत्या फार वेगाने मिळाल्या, त्या जुन्या पटात नसतात. पण मुखपृष्ठावर 'जनरल' असेल आणि क्रिमिया सोडताना तो कर्नल असेल, तर ती बढती कुठे मिळाली हे विचारायचं.

गावांची नावं टिपताना दोन रकाने ठेवा. गुम्बिनन आज गुसेव, इन्स्टरबुर्ग चेर्न्याखोव्स्क, लेम्बर्ग किंवा ल्वोव म्हणजे ल्विव, येकातेरिनोदार म्हणजे क्रास्नोदार, येलिसावेतग्राद म्हणजे क्रोपिव्नित्स्की, त्सारित्सिन म्हणजे वोल्गोग्राद. राजधानी सेंट पीटर्सबर्गचं नाव 18/31 ऑगस्ट 1914 ला पेत्रोग्राद झालं. 10 ऑगस्ट 1914 च्या नोंदीत 'पेत्रोग्राद' असेल तर ते पान नंतर लिहिलं गेलंय, डायरी म्हणून दिलं असलं तरी. क्रिमियातून निघालेल्यांचे तळ वेगवेगळे होते: पहिलं कोअर गॅलिपोलीत, कुबान कोसॅक लेम्नोसवर, दॉन नदीकाठचे कोसॅक चातालजाला. लेखक हुसार असेल तर शेवटचं प्रकरण गॅलिपोलीत पडायला हवं. तसं नसेल तर तो मधे दुसऱ्या पथकात गेला होता का, ते 1919 च्या पानांत पाहा.